सातपुड्याने ओढलेला ओळंबा

१८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, दक्षिणेतून पृथ्वीची मोजणी करत आलेल्या विल्यम लॅम्बटनचा एक निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकातच दोन अक्षांश होते: ८ अंश ९ मिनिटे ३८.३९ सेकंद आणि १८ अंश ३ मिनिटे २३.६४ सेकंद. त्याच वर्षी २० जानेवारीला लॅम्बटन हिंगणघाटला वारला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवायचा, तिथून पृथ्वीची मोजणी उत्तरेकडे न्यायची, असा त्याचा बेत होता. वय सत्तरीच्या आसपास, छाती खोकल्याने पोखरलेली. हिंगणघाटलाच त्याला पुरले.

शीर्षकातल्या त्या आकड्यांकडे जरा निरखून पाहू. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे १०१ फूट. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे एक फूट. कन्याकुमारीजवळच्या पुन्ने या ठाण्यापासून बीदरजवळच्या दमरगिड्ड्यापर्यंत पसरलेल्या, पावणेसातशे मैलांहून लांब रेषेची दोन्ही टोके आपण फुटाफुटाने सांगू शकतो, असा या शीर्षकाचा दावा होता. पुढे अलेक्झांडर रॉस क्लार्क या ब्रिटिश भूमापकाने पृथ्वीचा आकार काढला तेव्हा त्याच्या यादीत हीच दोन ठाणी आली, पण आकडे वेगळे होते. पुन्ने ८ अंश ९ मिनिटे ३१.१३२ सेकंद, दमरगिड्डा १८ अंश ३ मिनिटे १५.२९२ सेकंद. पहिल्या ठिकाणी सात सेकंदांचा फरक, दुसऱ्या ठिकाणी आठांचा. जमिनीवर पाहिले तर सातशे-आठशे फूट. ज्याचे शतांश लॅम्बटन सांगत होता त्याचे पूर्ण सेकंदच चुकले होते.

पण हे वाचून लॅम्बटनला हसण्याआधी एक वजाबाकी करावी. लॅम्बटनच्या दोन अक्षांशांमधले अंतर ९ अंश ५३ मिनिटे ४५.२५ सेकंद. क्लार्कच्या यादीतले ९ अंश ५३ मिनिटे ४४.१६ सेकंद. फरक अवघा १.०९ सेकंद. दोन्ही टोकांना तेच यंत्र, तीच पद्धत. यंत्रातला किंवा ताऱ्यांच्या तक्त्यातला दोष दोन्हीकडे जवळपास सारखाच शिरला, आणि वजाबाकीत बराचसा उडून गेला. पृथ्वीचा आकार काढायला लॅम्बटनला अक्षांशांपेक्षा त्यांच्यातले अंतर हवे होते. म्हणजे त्याच्या कामाचा आकडा त्याने छापलेल्या आकड्यापेक्षा बराच खरा होता. फक्त कोणता अंक कशाच्या जिवावर उभा आहे हे शीर्षकावरून कळत नव्हते.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच धड्यात सार्थ अंक येतात. गुणाकार-भागाकारात ज्या संख्येचे सार्थ अंक सर्वांत कमी, तितकेच उत्तरात ठेवायचे. बेरीज-वजाबाकीत जिची दशांश स्थळे सर्वांत कमी तिच्यापुरते थांबायचे. आणि मध्येच कुठे अंक तोडायचे नाहीत, शेवटीच एकदा पूर्णांकन करायचे. मुले हे पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. या तीन ओळींमागे दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातून गेलेल्या माणसांचा किती घाम आहे, हे धड्यात नसते.

१८२२ च्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख निजामाकडे गेला. वरूड, मोर्शी, एलिचपूर हा सगळा टापू तेव्हा निजामाचा. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. त्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात, टाकळखेडा नावाचे ठाणे सर्वेक्षणाच्या दप्तरात दिसते. क्लार्कच्या यादीत त्याचा अक्षांश २१ अंश ५ मिनिटे ५१.५३२ सेकंद असा आहे. दमरगिड्ड्यापासून ते ३ अंश २ मिनिटांवर, आणि पुढच्या मध्य भारतातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूर ठाण्यापासून ३ अंश १ मिनिटावर. जवळजवळ बरोबर मध्यावर. दक्षिणेतून निघालेली मोजणीची साखळी वऱ्हाडात उतरली ती इथे, आणि सातपुडा ओलांडून गेली तीही इथूनच.

साखळी हा शब्द इथे नुसता अलंकारिक नाही. लॅम्बटनकडे १०० फुटांची पोलादी साखळी होती, अडीच फुटांच्या ४० कड्यांची, लंडनच्या रॅम्सडेन या यंत्रकाराच्या कारखान्यातली. ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी चीनच्या बादशहाकडे १७९३ मध्ये नजराणा घेऊन गेला त्यात हे सामान होते. बादशहाने ते नाकारले आणि फिरत फिरत ते हिंदुस्थानात लॅम्बटनच्या हाती आले. सहा-सात मैलांची सपाट जमीन निवडायची, साखळी लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, वर राहुट्यांची सावली करायची आणि प्रत्येक पेटीत तापमापक लावायचा. तापमापक कशासाठी? १०० फूट पोलाद एक अंश फॅरनहाइटने तापले की इंचाच्या हजारांश भागातले सातएक भाग वाढते. नुसत्या डोळ्यांना हे दिसतही नाही. पण ३८,००० फुटांची आधाररेषा मोजायला साखळी ३८० वेळा ठेवावी लागते, आणि प्रत्येक वेळी तापमान एकाच अंशाने एकाच बाजूला चुकले तर शेवटी तीनएक इंचांचा घोटाळा होतो. वऱ्हाडातले ऊन ज्याने पाहिले आहे त्याला पोलादाच्या त्या वाढीचे नवल वाटणार नाही.

तीन इंच हे ३८,००० फुटांत फार नाहीत. पण आधाररेषा हीच पुढच्या प्रत्येक त्रिकोणाची पहिली बाजू. तिच्यातली चूक शेकडो मैल गुणत जाते. म्हणून लॅम्बटन दुसरी साखळी न वापरता जपून ठेवायचा, आणि मोजणीच्या आधी व नंतर वापरातली साखळी तिच्याशी ताडून पाहायचा. कड्यांचे सांधे झिजून साखळी लांबते. आणि इतके केल्यावरही एक प्रश्न उरायचा: फूट म्हणजे नेमका किती? लंडनमध्ये वेगवेगळ्या कारागिरांनी कोरलेल्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. १८२१ मध्ये हेन्री केटरने त्या सगळ्या पट्ट्या शेजारी ठेवून मोजल्या. केटर तरुणपणी लॅम्बटनच्याच हाताखाली दक्षिणेत काम करत होता, हा मजेशीर योगायोग. केटरच्या निकालानंतर लॅम्बटनला आपली सारी रेषा पार्लमेंटच्या प्रमाण फुटात पुन्हा बसवावी लागली. सुरुवातीला सांगितलेला १८२३ चा निबंध याच दुरुस्तीचा. लेखक मरणाच्या दारात, आणि तो फुटाचा हिशेब नीट करतोय. मला लॅम्बटनबद्दल आदर वाटतो तो त्या साहसी पसाऱ्यापेक्षा या चिकाटीसाठी.

आता गणिताकडे येऊ, कारण सार्थ अंकांची खरी परीक्षा तिथे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की दुसरी बाजू निघते. पहिल्या बाजूला एका कोनाच्या ज्येने गुणायचे, दुसऱ्याच्या ज्येने भागायचे. २० मैल लांबीच्या बाजूवर कोनात एका सेकंदाची चूक झाली तर टोक सुमारे अर्धा फूट सरकते. म्हणजे फुटापर्यंतचा अंक जेमतेम विश्वासाचा. २० मैल म्हणजे १,०५,६०० फूट, सहा अंक. तरी हिशेब सात अंकी लॉगॅरिदमने करायचे. सातवा अंक कोणालाच खरा वाटत नव्हता. पण पुढच्या त्रिकोणात सहावा अंक टिकायला हवा असेल तर या त्रिकोणात सातवा सोबतीला ठेवावा लागतो. शंभर त्रिकोणांच्या रांगेत प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे तोडले तर शेवटी उरते ते तोडण्याचेच गणित.

हे वरूडच्या संत्र्याच्या बागेतही दिसते. टेपने फुटापर्यंत मोजलेला एक तुकडा घ्या, २१२ फूट लांब आणि ८७ फूट रुंद. गुणाकार १८,४४४ चौरस फूट. ८७ मध्ये दोनच सार्थ अंक आहेत म्हणून कोणी इथेच १८,००० लिहिले आणि ४३,५६० ने भागले, तर ०.४१ एकर येते. १८,४४४ तसेच ठेवून भागले आणि मग शेवटी तोडले, तर ०.४२. फरक एकराच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे ४३६ चौरस फूट. अठरा बाय अठरा फुटांवर लावलेल्या एका झाडाला लागतात ३२४. घाईने पूर्णांकन केले की कागदावर एक अख्खे झाड गेले. उलट कॅल्क्युलेटरवर दिसते तसे ०.४२३४१६ एकर लिहिणेही खोटेच. त्या शेवटच्या अंकाची जागा एखाद्या पाटीपेक्षाही लहान आहे, आणि टेप तर फुटापर्यंतच वाचला होता.

टाकळखेड्याला अक्षांश काढायचा तो ताऱ्यांवरून. रॅम्सडेननेच बनवलेला झेनिथ सेक्टर, त्रिज्या ५ फूट, डोक्यावरून जाणारा तारा ऐन माथ्यापासून किती सरकलेला आहे ते मोजतो. ५ फूट त्रिज्येच्या चापावर एक सेकंद म्हणजे इंचाचा साडेतीन हजारावा भाग. सेकंदाचा शंभरावा भाग वाचायचा तर इंचाचे साडेतीन लाख भाग करावे लागतील. असे कोणी वाचत नव्हते. वेगवेगळे तारे, अनेक रात्री, यंत्र पूर्वेला तोंड करून आणि पश्चिमेला तोंड करून, असे पुष्कळ आकडे घेऊन सरासरी काढायची. सरासरीत इकडेतिकडे उडणाऱ्या चुका एकमेकींना खातात, आणि एका वाचनात नसलेला अंक शंभर वाचनांतून उजेडात येतो. सेकंदाचे दशांश असे कमावलेले होते. पण सगळ्या चुका एकाच बाजूला असतील तर शंभर रात्री काय आणि हजार काय.

माथा कुठे आहे हे यंत्राला ओळंबा सांगतो. आणि ओळंबा पृथ्वीच्या ठरीव आकाराला काटकोनात असतो हे आपण गृहीत धरतो. टाकळखेड्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. वरूडच्या मागे दिसणारीच ही रांग, पश्चिमेला मेळघाट आणि गाविलगडापर्यंत गेलेली. एवढा दगड ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. शिसे उत्तरेला किंचित सरकले की माथा दक्षिणेला झुकतो आणि अक्षांश खऱ्यापेक्षा कमी येतो. मग टाकळखेड्याच्या दक्षिणेकडचा कंस लहान दिसतो आणि उत्तरेकडचा मोठा. लॅम्बटनची सात-आठ सेकंदांची चूक उडाली तशी ही चूक वजाबाकीत उडत नाही, कारण दमरगिड्ड्याला असा डोंगर नाही. एका टोकाला आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, म्हणून सारीच्या सारी उत्तरात उतरते.

ही शंका घेतली जॉर्ज एव्हरेस्टने. लॅम्बटननंतर मोजणीची सूत्रे त्याच्याकडे आली. तो तिशीतला, हट्टी, तापट आणि आजारी. जंगलातल्या तापाने त्याला आधीच एकदा केप ऑफ गुड होपला हवापालटासाठी जावे लागले होते. वऱ्हाडातून सिरोंजकडे काम नेताना त्याचे हातपाय इतके निकामी झाले की यंत्रापाशी बसायला आणि उठायला दोन माणसांनी उचलावे लागे. असा माणूस रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसे आणि दिवसा विचार करी की समोरचा डोंगर आपल्या शेवटच्या अंकाशी काय खेळ करतोय. १८३० च्या ग्रंथात त्याने टाकळखेड्याच्या उत्तरेच्या डोंगराचा प्रश्न मांडला आहे. कंसाच्या टोकासाठी त्याने कल्याणपूर निवडले ते तिथे आसपास डोंगर दिसत नाहीत म्हणूनच.

डोंगर किती ओढतो हे काढायला दोन गोष्टी लागतात, त्याचे आकारमान आणि त्याची घनता. दोन्ही तेव्हा अंदाजाच्या. मोजणीच्या चमूत हेन्री व्हॉयसी नावाचा डॉक्टर होता. औषध देता देता तो दगड पाही. एप्रिल १८२३ मध्ये, लॅम्बटनच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, गाविलगडच्या डोंगरात त्याला शिंपल्यांचे जीवाश्म सापडले, आणि त्यावरचा त्याचा लेख पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत आला. काळ्या बसाल्टच्या राशीत शिंपले, म्हणजे या डोंगराच्या थरांमध्ये कधीकाळी पाणवठे होते. वरून दिसतो तसा एकसंध काळा पत्थर तो नाही. अशा डोंगराची घनता कोणी तीन अंकांत सांगू लागला तर त्याला व्हॉयसीने शिंपला दाखवावा. व्हॉयसी स्वतः १८२४ मध्येच वारला. ही मोजणी माणसे फार खात होती.

एव्हरेस्ट १८२५ मध्ये इंग्लंडला गेला आणि १८३० मध्ये नवी यंत्रे घेऊन परतला. पुढची कहाणी वऱ्हाडाच्या बाहेरची, पण टाकळखेड्याला पडलेला प्रश्न तिथे कितीतरी मोठा होऊन उभा राहिला. रेषा कल्याणपूरहून उत्तरेला गेली ती मुजफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंत. तिथून हिमालय सुमारे ६० मैलांवर, म्हणजे पुरेसा लांब, असे एव्हरेस्टला वाटले. त्रिकोणांच्या हिशेबाने कल्याणपूर ते कलियाना अंतर निघाले ५ अंश २३ मिनिटे ४२.२९४ सेकंद. ताऱ्यांवरून निघाले ५ अंश २३ मिनिटे ३७.०५८ सेकंद.

इथे कागदावर दोन ओळी लिहून पाहाव्यात. सगळे सेकंदांत मांडले तर पहिला आकडा १९,४२२.२९४ आणि दुसरा १९,४१७.०५८. दोन्हीत आठ-आठ अंक. वजाबाकी केली की उरतात चारच: ५.२३६. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की पुढचे सगळे अंक जातात आणि ज्यांच्यावर आपला सर्वांत कमी भरवसा, तेच मागचे अंक पुढे येऊन बसतात. आठ अंकांची ऐट होती ती एका वजाबाकीत गेली. प्रयोगशाळेत मुले अशी वजाबाकी रोज करतात आणि उत्तराला आधीच्याच संख्येइतका मान देतात. सार्थ अंकांच्या धड्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, आणि त्याच्यावर सर्वांत कमी वेळ जातो.

एव्हरेस्टने ५.२३६ ही मोजणीतली नेहमीची चूक मानली आणि कंसावर वाटून टाकली. टाकळखेड्याला सातपुड्यावर संशय घेणारा माणूस हिमालयापाशी मात्र डोळे मिटून बसला, हे थोडे विचित्रच. कदाचित अंतरावर त्याचा भरवसा असेल, कदाचित तो थकला असेल. १८४३ मध्ये तो निवृत्त झाला.

तो फरक उचलला कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट याने. धर्मोपदेशक, पण केंब्रिजचा गणिती. हिमालय आणि त्यामागच्या पठाराचे वस्तुमान धरून त्याने ओळंबा किती झुकायला हवा ते काढले: कलियानाला २७.८५३ सेकंद, कल्याणपूरला ११.९६८, दमरगिड्ड्याला ६.९०९. कलियाना आणि कल्याणपूरमधला फरक १५.८८५ सेकंद. प्रत्यक्षात दिसला होता ५.२३६.

प्रॅटच्या या आकड्यांतले तीन-तीन दशांश वाचताना कोणाही शिक्षकाचा लाल पेन हातात यावा. तिबेटचे पठार किती उंच आणि किती रुंद, हे तेव्हा युरोपात कोणाला धड माहीत नव्हते. दगडाची घनता त्याने २.७५ धरली होती, तीही अंदाजानेच. अशा मालावरून सेकंदाचा हजारावा भाग काढणे म्हणजे नुसते कागदावरचे गणित. पण गंमत अशी की निकाल लावायला शेवटचे अंक लागलेच नाहीत. पहिलाच अंक पुरला. जवळजवळ सोळा यायला हवे होते आणि आले पाच. पठाराचे वजन थोडेफार कमीजास्त धरून तिपटीचा फरक पुसला जात नव्हता. हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता, ही गोष्ट खरीच होती. आणि प्रॅटने तो फरक मांडला तो आकडे मध्येच न तोडता, शेवटपर्यंत सोबत नेलेल्या हिशेबातून. ४२.२९४ आणि ३७.०५८ हे कोणी कलकत्त्याच्या दप्तरातच मिनिटांपर्यंत तोडले असते तर दोन्ही ५ अंश २४ मिनिटे झाले असते आणि प्रश्नच उरला नसता.

१८५५ मध्ये जॉर्ज एअरी या राजज्योतिषाने उत्तर सुचवले. डोंगराखाली हलक्या खडकाचे मूळ खोल गेलेले असावे, वरचा जादा भार खालच्या उणिवेने भरून निघत असावा. प्रॅटचे स्पष्टीकरण थोडे निराळे होते. दोघांच्या वादातून निघालेल्या कल्पनेला पुढे समस्थायित्व हे नाव मिळाले आणि आज भूशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात तिला जागा आहे.

मोजणीच्या कार्यालयातून निघालेली आणखी एक संख्या मात्र जगभर चुकीच्या कारणासाठी प्रसिद्ध झाली. १८५६ मध्ये मोजणीचा तेव्हाचा प्रमुख अँड्र्यू वॉ याने दप्तरात पंधरावे म्हणून नोंदलेल्या शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर केली आणि त्याला एव्हरेस्टचे नाव सुचवले. या हिशेबांच्या मागे राधानाथ शिकदार हे मुख्य गणक होते, १८३१ मध्ये नोकरीला लागलेले. गोष्ट अशी सांगतात की उंची नेमकी २९,००० आली होती, पण इतका गोल आकडा पाहून लोक अंदाज समजतील म्हणून वॉने वर दोन फूट चढवले. सार्थ अंक शिकवणाऱ्यांची ही आवडती गोष्ट. शून्ये सार्थ असली तरी कळत नाहीत, हे सांगायला ती फार सोयीची आहे.

पण मूळ आकडे छापलेले आहेत. जिरोल ठाण्यावरून २८,९९१.६ फूट, मिर्झापूरवरून २९,००५.३, लदनियावरून २८,९९८.६, हरपूरवरून २९,०२६.१, मिनाईवरून २८,९९०.४, आणि सहाव्या ठाण्यावरून २९,००१.८. सहा आकडे मिळवा आणि सहाने भागा. २९,००२.३ येते. वॉने काही चढवले नाही. उलट दशांश तेवढा सोडला. खोडी काढायचीच तर दुसरी काढता येईल. सहा आकड्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यात ३५.७ फुटांचा फरक आहे. अशा सरासरीतला शेवटचा २ कितपत सार्थ? सगळी ठाणी शंभरएक मैल दूर, बिहारच्या मैदानात. शिखराकडून तिथे येणारा प्रकाश हवेत वाकतो आणि तो वाकवणारा गुणांक सगळ्या ठाण्यांना सारखाच चुकीचा धरलेला असू शकतो. टाकळखेड्यासारखेच. एकाच बाजूची चूक सरासरीत विरत नाही. ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. फुटांत ती २९,०३१.७ होते. वॉच्या आकड्याहून जवळजवळ ३० फूट जास्त.

एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार काढला तो वऱ्हाडात सगळ्यांत जास्त टिकला. विषुववृत्तावरची त्रिज्या २,०९,२२,९३१.८० फूट. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या याच आकारावर काढले गेले. वरूडचा टापू ज्यात येतो ती ५५ के ही नकाशामालाही त्यातलीच. मग देश मीटरकडे वळला. तो एव्हरेस्टचा फूट मीटरमध्ये बदलायचा, तर एका हिशेबाने एक फूट ०.३०४७९८४१ मीटर, दुसऱ्या हिशेबाने ०.३०४७९९६. फरक सहाव्या दशांश स्थळावर. पहिल्याने त्रिज्या येते ६३,७७,२७६.३४५ मीटर, दुसऱ्याने ६३,७७,३०१.२४३. दोन्ही आकडे मिलिमीटरपर्यंत छापलेले, आणि त्यांच्यात २५ मीटरांचे अंतर. संगणकावर नकाशा चढवणाऱ्या माणसाला आजही यादीतून बरोबर एव्हरेस्ट निवडावा लागतो. एकच नाव, एकच मूळ मोजणी, पण गुणक वेगळा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आकारावर काढायला सुरुवात झाली. मोबाइलमधला जीपीएसही तोच वापरतो. त्याची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. दशांश चिन्हानंतर फक्त शून्य, आणि ते शून्य कोणी मोजून काढलेले नाही. मोजमापांच्या जवळचा एक आकडा निवडून ही त्रिज्या इतकीच मानायची, असे ठरवले गेले. त्यामुळे तिच्यातले सार्थ अंक मोजायचा प्रश्नच येत नाही. मोबाइल मात्र संत्र्याच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा अक्षांश अंशाच्या सहा दशांशांपर्यंत दाखवतो. सहावा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर. आणि झाडाखाली उभे राहून घेतलेले तेच वाचन दोन मिनिटांनी पुन्हा घ्या, ते तीन-चार मीटर सरकलेले असते.